रायफलचा बोल्ट अडतो, पण नेमका कुठे?

दसरा जवळ आला की एक प्रश्न हमखास येतो. खंडेनवमीच्या पूजेसाठी आजोबांच्या वेळची रायफल कपाटातून काढली, पुसली, आणि बोल्टच हलेना. कुणाचा हलतो, पण रुतल्यासारखा. कुणाचा मागे येतो आणि पुन्हा पुढे जात नाही. अलिबाग, रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन, सगळीकडचा प्रश्न एकच, आणि त्याच्या जोडीने विचारले जाणारे उपायही तेच: लाकडी हातोडीने हलकेच ठोकू का? खोबरेल तेल सोडू का? गावातल्या लोहाराला दाखवू का?

तिन्हींचं उत्तर नाही असंच आहे. का, आणि मग काय करायचं, ते क्रमाने सांगतो. त्याआधी एक गोष्ट स्पष्ट असू द्या. ‘शिकारीची रायफल’ हा शब्द आपल्या घरांत राहिला आहे, शिकार राहिलेली नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंधनं आणली आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर हौसेची शिकार पूर्ण बंद झाली. त्यामुळे हा लेख परवान्यावर असलेलं शस्त्र सुस्थितीत आणि निर्धोक कसं ठेवावं, एवढ्यापुरताच आहे.

बोल्टला हात लावण्याआधी

आमच्या घरची गोष्ट सांगतो. आजोबा अंथरुणाला खिळले आणि त्यांची रायफल दोन वर्षं तशीच पडून राहिली. ‘ती रिकामीच आहे’ हे घरातल्या प्रत्येकाने मला सांगितलं, आजोबांनीही. बोल्ट उघडला तेव्हा आतून काडतूस बाहेर पडलं. तेव्हापासून अडलेला बोल्ट म्हणजे भरलेली रायफल, असं धरूनच मी पुढे जातो. तुम्हीही तसंच धरा.

- खोलीतून मुलं आणि बाकीची माणसं बाहेर पाठवा. काम दिवसाउजेडी करा.
- नळीचं तोंड मातीच्या बांधाकडे किंवा वाळूने भरलेल्या मोठ्या पिंपाकडे ठेवा. फरशी, पत्रा किंवा शेजारच्या घराची भिंत या दिशा चालत नाहीत.
- बोट चापापासून लांब ठेवा. बोल्ट उघडेपर्यंत चापाला हात लावायचं कारणच नाही.
- मॅगझिन सुटं होत असेल तर आधी ते काढा. मॅगझिन काढल्याने चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती कोठी, रिकामी होत नाही हे विसरू नका.
- नळीच्या तोंडातून गज घालून आतलं काडतूस ढकलायचा प्रयत्न कधीही करू नका.

नंतर सेफ्टी पाहा. ली-एनफिल्ड घडणीच्या रायफलमध्ये सेफ्टी लावलेली असली की बोल्टही जागच्या जागी अडतो. ‘जाम’ म्हणून आलेल्या कितीतरी रायफली इतक्याशा गोष्टीसाठी आलेल्या असतात. सेफ्टी सोडताना नळीची दिशा तीच हवी.

हाताच्या तळव्याने जेवढा जोर बसेल तेवढाच लावा. हँडलवर पाय देऊन किंवा हातोडी मारून उघडायचं नाही. ठोकल्याने एक्स्ट्रॅक्टरची, म्हणजे काडतूस मागे ओढणाऱ्या भागाची, नखी तुटते, आणि आत जिवंत काडतूस असेल तर त्या धक्क्याने काय होईल याची हमी कुणीच देऊ शकत नाही. तळव्याने उघडत नसेल आणि आत काडतूस असण्याची शंका असेल, तर तुमचं काम तिथे संपलं. रायफल त्याच दिशेने ठेवा, खोलीला कुलूप लावा, आणि परवानाधारक शस्त्रदुरुस्ती करणाऱ्याला व पोलीस ठाण्याला फोन करा. अशी रायफल गाडीत घालून स्वतः कुठेही नेऊ नका.

कुठे अडतो ते पाहा

आपल्याकडे घराघरांत असलेली बोल्टची रायफल बहुधा ३१५ बोअरची असते, पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी कारखान्यातली. एनसीसीत ज्यांनी थ्री-नॉट-थ्री हाताळली आहे त्यांना ती ओळखीची वाटते, कारण घडण त्याच ली-एनफिल्ड घराण्यातली. इंग्रजांना लष्कराचं काडतूस सामान्य लोकांच्या हाती नको होतं, म्हणून हे वेगळ्या मापाचं काडतूस इथे रूढ झालं. पुढचं वर्णन याच रायफलला धरून आहे. तुमची वेगळी असेल तर तपशील थोडे बदलतील.

रायफल रिकामी असल्याची डोळ्यांनी आणि करंगळीने चाचपून खात्री झाली की बोल्ट सावकाश पुढे-मागे करा आणि अडण्याची जागा लक्षात ठेवा. निम्मं निदान त्या जागेतच असतं.

पूर्ण प्रवासभर जड चालतो. गंज, नाहीतर सुकून चिकट झालेलं तेल. आपल्या किनाऱ्यावर सर्वांत जास्त दिसणारं कारण हेच, त्याबद्दल पुढे सविस्तर.

पुढे ढकलताना मध्येच टेकतो, तेही काडतुसं भरलेली असतानाच. ३१५ च्या काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कडा असते. मॅगझिनमध्ये वरच्या काडतुसाची कडा खालच्या कडेच्या मागे गेली की दोन्ही एकमेकांत अडकतात. दोष भरण्यात आहे, रायफलमध्ये नाही. वरच्या काडतुसाची कडा नेहमी खालच्याच्या पुढे हवी.

शेवटच्या इंचभर अंतरात जोर लागतो. या घडणीत बोल्ट पुढे नेतानाच आतली स्प्रिंग ताणली जाते, त्यामुळे शेवटी जोर लागणारच. तो सारखा आणि लवचीक असेल तर दोष नाही. खरखर जाणवली किंवा अचानक दगडासारखा टेकला, तर चेंबरमध्ये मळ, गंज किंवा वाकलेलं काडतूस आहे.

साफ करून परत घालताना आत शिरतच नाही. बोल्ट बाहेर असताना मागचा भाग फिरून खाली बसला असेल, किंवा बोल्टचं डोकं पूर्ण आवळलेलं नसेल. बोल्टवर कोरलेला नंबर आणि रायफलच्या अंगावरचा नंबर एकच आहे ना, हेही याच वेळी पाहून घ्या. दुसऱ्या रायफलचा बोल्ट वरवर बसला तरी वापरायचा नाही. काडतुसाच्या मागे किती फट राहते हे त्या जोडीवर ठरतं, आणि फट वाढली की पुंगळी फाटून गरम वायू तोंडावर येतो.

पावसाळ्यातच अडतो, उन्हाळ्यात सुटतो. दस्त्याचं लाकूड फुगलं आहे. दस्त्याचे स्क्रू कुणी जास्त आवळले किंवा बदलले असतील तर तेही आत टोचतात. लाकूड सावलीत वाळू द्या, उन्हात टाकू नका. तासणं हे कारागिराचं काम.

बार झाल्यावर उघडत नसेल तर

इथे मात्र थांबायचं. रिकामी रायफल अडणं ही देखभालीची गोष्ट झाली. बार झाल्यावर बोल्टचं हँडल उठायला जड जात असेल तर आत दाब मर्यादेबाहेर गेल्याची ती खूण असू शकते. काडतूस उन्हात किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर तापलेलं असेल, चेंबरमध्ये तेल राहिलं असेल, काडतूस फार जुनं असेल, किंवा घरी ‘भरलेलं’ असेल. कारण कोणतंही असो, दुसरं काडतूस घालू नका.

रिकामी पुंगळी निघाली तर फेकू नका. बुडाची टोपी सपाट झाली आहे का, कडेला चीर आहे का, काजळी मागेपर्यंत आली आहे का, हे पाहा आणि पुंगळी कारागिराला दाखवा. त्याला तुमच्या वर्णनापेक्षा ती पुंगळी जास्त सांगेल.

चाप ओढला आणि बार झालाच नाही, तर बोल्ट लगेच उघडू नका. नळी त्याच दिशेने धरून निदान एक मिनिट थांबा. दारू कधीकधी उशिरा पेटते. आवाज नेहमीपेक्षा दबका आला, धक्का कमी बसला, तर गोळी नळीतच अडकलेली असू शकते. तशा नळीतून पुढची गोळी सोडली की नळी फुटते. बोल्ट काढून मागच्या बाजूने नळीतून उजेड दिसतो का ते पाहा. आपल्या वाड्यांमध्ये हे एरवीही पाहायची सवय ठेवा. कुंभारीण माशी भिंतीवरच्या भोकात मातीचं घर करते, तशी ती नळीतही करते.

खारा वारा, आणि खोबरेल तेल

अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि उरलेल्या महिन्यांत समुद्रावरून खारा वारा येतो. मिठाचा बारीक थर पोलादावर बसला की हवेतली सापेक्ष आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेल्यावर तो स्वतःच पाणी ओढून घेतो. म्हणजे पावसाचा थेंब न लागताही बंद कपाटातली रायफल ओली होते. वरून दिसत नाही. बोल्टच्या खोबणीत आणि चेंबरमध्ये गंज धरतो.

त्यावर उपाय म्हणून घरोघरी खोबरेल तेल लावलं जातं, कारण ते हाताशी असतं. खोबरेल साधारण २४ अंशांखाली थिजतं. मार्गशीर्षातल्या पहाटे बाटलीत जे होतं तेच बोल्टच्या आत होतं, आणि फायरिंग पिन मंदावते. जवसाचं तेल हवेने सुकून रोगणासारखं चिकटतं. जवस लाकडी दस्त्याला उत्तम, पोलादाला नाही. बोल्टला शस्त्राचं तेल किंवा ते मिळेपर्यंत शिलाई मशीनचं पातळ तेल लावा, तेही बोटाला जेमतेम जाणवेल इतकंच.

साफसफाईची रीत अशी:

1. बोल्ट बाहेर काढा. कसा काढायचा ते जाणकाराकडून एकदा समोर बसून शिकून घ्या.
2. जुनं चिकट तेल रॉकेल किंवा टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या चिंधीने काढा. दोन्हींनी पोलाद उघडं पडतं, म्हणून नंतर कोरडं पुसून तेलाचा हात फिरवणं आलंच.
3. खोबण्या जुन्या टूथब्रशने घासा. चेंबर मागच्या बाजूने, ब्रशने आणि कोरड्या चिंधीने.
4. जुन्या काडतुसांच्या टोपीतला मसाला नळीत क्षार सोडतो, ठासणीच्या बंदुकीची काळी दारूही. क्षार तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. अशा नळीतून आधी गरम पाणी फिरवा, लगेच पूर्ण कोरडी करा, मग तेल.
5. वापरण्याची वेळ आली तर चेंबर आणि नळीतलं तेल आधी पुसून काढा.

गंज पॉलिश पेपरने घासू नका. बोल्ट ज्या कानांवर अडकतो त्या कानांवरून केसभर धातू गेला तरी मघाशी सांगितलेली फट वाढते. तेलात बुडवलेल्या चिंधीने न निघणारा गंज कारागिरासाठी ठेवा.

रेक्झिनच्या किंवा कातडी म्यानात रायफल ठेवण्याची सवय सोडा. म्यान ओल धरून ठेवतं. कुलपाच्या लोखंडी कपाटात, बोल्ट वेगळा, काडतुसं दुसऱ्या कुलपात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. पावसाळ्यात दर पंधरवड्याला एकदा पुसायची. आणि पूजेबद्दल कळकळीने सांगतो: हळदकुंकू, अक्षता, ओली फुलं बोल्टवर वाहू नका. कुंकवाची पूड खोबणीत बसते आणि फुलांच्या पाण्याने रात्रीत डाग धरतो. दस्त्याच्या लाकडावर हळदकुंकवाचं बोट टेकवा, फूल शेजारी ताम्हनात ठेवा, आणि आरती झाली की पुसून तेलाचा हात फिरवूनच आत ठेवा.

काडतुसंही पाहा. पितळेवर हिरवा गंज, पोचा, हलणारी गोळी दिसली तर ते काडतूस बाजूला काढा. नळीवर कोरलेलं माप आणि पुंगळीच्या बुडावरचं माप जुळलंच पाहिजे. खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या काडतुसांवर ‘केएफ’ ही खूण असते. खराब काडतुसं वाडीत पुरू नका, समुद्रात टाकू नका. शस्त्रविक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात जमा करा आणि नोंद घ्या.

दुरुस्ती कुणाकडे, आणि नेणार कोण?

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार शस्त्रांची दुरुस्ती आणि चाचणी हा धंदाही परवान्याशिवाय करता येत नाही. म्हणून लोहार, वेल्डर, लेथवाला कितीही हुशार असला तरी नको; तुमच्याबरोबर तोही अडचणीत येतो. रायगडच्या बऱ्याच लोकांना यासाठी मुंबई किंवा पुणं गाठावं लागतं, आणि खरी गफलत या प्रवासात होते.

- परवान्यातलं क्षेत्र वाचा. फक्त जिल्ह्यापुरता असेल तर जिल्ह्याबाहेर नेण्याआधी परवाना देणाऱ्या कार्यालयाची लेखी परवानगी घ्या. बहुतेक तालुक्यांसाठी ते अलिबागचं जिल्हाधिकारी कार्यालय. उरण-पनवेलकडचे वाचक नवी मुंबई पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत येतात.
- तुम्हाला जाता येत नसेल तर त्याच कायद्याच्या कलम ३ मध्ये सोय आहे. परवानाधारकाच्या लेखी अधिकारपत्रावर दुसरी व्यक्ती शस्त्र दुरुस्तीसाठी किंवा परवाना नूतनीकरणासाठी नेऊ शकते. म्हाताऱ्या वडिलांची रायफल मुंबईतला मुलगा नेऊ शकतो, पण अधिकारपत्र आणि परवाना सोबत हवाच. ‘वडिलांचीच आहे’ हे तोंडी सांगणं पुरत नाही.
- शस्त्रबंदीचा आदेश आहे का ते विचारा. सणांच्या दिवसांत जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली असे आदेश निघतात. निघण्याच्या आदल्या दिवशी पोलीस ठाण्यात फोन करा. मांडव्याहून बोटीने जायचं असेल तर तिथेही आधी विचारा.
- रिकामी, बोल्ट वेगळा, गुंडाळलेली. कारागिराने मागितली नसतील तर काडतुसं नेऊ नका.
- दुकानातून पावती घ्या. तीवर रायफलचा नंबर, बोल्टचा नंबर, तक्रार आणि बदललेले भाग लिहून घ्या. जुना भाग परत मागा. परत घेताना नंबर तिथेच ताडून पाहा.

दुरुस्तीनंतर ‘एक बार काढून बघू’ हा मोह टाळा. बोल्ट चालतो का ते डमी काडतुसांनी कळतं. ती शस्त्रविक्रेत्याकडे मागा. खरी चाचणी परवानाधारक कारागिराने त्याच्याकडेच करावी. वाडीत किंवा किनाऱ्यावर बेफिकिरीने बार काढून इतरांचा जीव धोक्यात घातल्यास शस्त्र अधिनियमाच्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

रानडुकरांसाठी ठेवली आहे म्हणणाऱ्यांसाठी

भाताची लोंबी भरली की डुकरं एका रात्रीत खाचर लोळवतात, हे मी जवळून पाहिलं आहे. तरीही परवाना म्हणजे जनावर मारायची मुभा नाही. शस्त्र कायद्यात पीक संरक्षणासाठी ठासणीची बंदूक आणि ती पुरेशी नसेल तिथे गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक सांगितली आहे, रायफल नाही. पिकाला उपद्रव देणाऱ्या जनावराबाबत वन्यजीव कायद्याच्या कलम ११ खाली लेखी परवानगी लागते. त्यासाठी आधी वनक्षेत्रपालांकडे अर्ज द्या आणि पोच घ्या. नुकसानभरपाईचा अर्जही तिथेच, पंचनामा होईपर्यंत शेत तसंच ठेवून. परवानगीने मारलेलं जनावरही सरकारचं असतं. मांस वाटणं हा गुन्हा आहे.

फणसाड हे एकेकाळी जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान, १९८६ पासून अभयारण्य. त्याच्या हद्दीत लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन शिरता येत नाही, रायफल रिकामी असली आणि तुम्ही नुसते वाटेने जात असलात तरी. अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकांना वनविभागाकडे नोंदणीही करावी लागते. सुपेगाव, काशीद, नांदगाव भागातल्या वाचकांनी आपली नोंद आहे का ते एकदा तपासून घ्यावं.

आजोबांची रायफल कुणाच्या नावावर?

बऱ्याच रायफली अडतात त्या वर्षानुवर्षं कुणी उघडलेल्या नसतात म्हणून, आणि उघडलेल्या नसतात कारण परवानाधारक थकलेले किंवा वारलेले असतात. परवानाधारकाच्या मृत्यूनंतर शस्त्र घरात ठेवणं बेकायदा ठरतं. ते विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करा, पावती घ्या, आणि वारस म्हणून स्वतःच्या परवान्याचा अर्ज करा. परवानाधारक हयात असतानाही, वयाची सत्तर वर्षं पूर्ण झाली किंवा शस्त्र पंचवीस वर्षं बाळगलं असलं, तर ते वारसाचं नाव सुचवू शकतात. हे त्यांच्या हयातीत झालेलं केव्हाही बरं. २०१९ पासून एका व्यक्तीला दोनच शस्त्रं ठेवता येतात आणि परवान्याची मुदत पाच वर्षांची आहे. नूतनीकरणाचा अर्ज निदान दोन महिने आधी द्या.

निवडणुकीत जमा केलेली रायफल

आचारसंहितेच्या काळात पोलिसांकडून शस्त्र जमा करण्याचं पत्र येतं. कुणाचं शस्त्र जमा करायचं हे जिल्ह्याची छाननी समिती ठरवते. तुम्हाला सूट हवी असेल, तर कारणांसह अर्ज त्या समितीकडे वेळेत द्या. जमा करावंच लागलं तर नळीला आणि बोल्टला नेहमीपेक्षा जाड तेल लावा, ओल न धरणाऱ्या कागदात गुंडाळा, आणि पावतीवर नंबरांबरोबर ‘बोल्ट सुरळीत चालतो’ अशी स्थितीही लिहून मागा. परत घेताना रायफल पिशवीत घालून निघू नका. तिथेच, ठाणे अंमलदारांना सांगून, नळी निर्धोक दिशेला धरून बोल्ट उघडा, चेंबर पाहा, नंबर ताडा. अडत असेल तर तसं लिहून द्या, त्या अर्जाच्या प्रतीवर शिक्का घ्या, आणि मगच सही करून ताबा घ्या.